ताहो-लाफ्स अपग्रेड केलं की अनहॅपीनेस एरर येतोय? हॅपीचा आकडा कमी करायच्या आधी हे वाचा

ताहो-लाफ्सची नवी आवृत्ती टाकली की आमच्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज पडतो. अपलोड होत नाहीये, अनहॅपीनेस एरर येतोय, कालपर्यंत सगळं नीट होतं. आणि त्याखाली तितकंच ठरलेलं उत्तर, ताहो डॉट सीएफजी ही सेटिंगची फाइल उघड, शेअर्स डॉट हॅपी १ कर, नोड रीस्टार्ट मार, झालं काम. एरर जातो हे खरं आहे. पण तो एरर ज्या कारणाने आला ते कारण तिथेच बसून राहतं, आणि पुढे कधीतरी डिस्क उडाल्यावर फाइल परत आणायला जाल तेव्हा कळतं की तिचे सगळे तुकडे एकाच सर्व्हरवर होते. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तरी चालेल, पण ते १ वालं उत्तर आता बंद व्हायला पाहिजे.

ज्यांनी नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. ताहो-लाफ्स म्हणजे तुमची फाइल तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते, मग झेडफेक नावाची लायब्ररी तिचे तुकडे पाडते ज्यांना शेअर म्हणतात, आणि ते शेअर वेगवेगळ्या सर्व्हरवर जातात. मशीनवर चालणाऱ्या ताहोला नोड म्हणतात आणि एकमेकांना जोडलेल्या नोडच्या जाळ्याला ग्रिड. सर्व्हर कोणाचाही असो, त्याला आत काय आहे ते वाचता येत नाही आणि त्याने गुपचूप बदल केला तर तो पकडला जातो. २००६-०७ च्या सुमारास ऑलमायडेटा कंपनीत हे सुरू झालं, झूको विल्कॉक्स आणि ब्रायन वॉर्नर ही त्यातली मुख्य नावं, पुढे कंपनी राहिली नाही पण कोड ओपन सोर्स असल्यामुळे आजही जिवंत आहे आणि २०२४ मध्ये १.१९ आणि १.२० अशा दोन आवृत्त्या आल्या.

आता मुद्द्याचे तीन आकडे. ताहो डॉट सीएफजी मध्ये क्लायंट सेक्शनला शेअर्स डॉट नीडेड, शेअर्स डॉट हॅपी आणि शेअर्स डॉट टोटल असतात, तुम्ही काहीच लिहिलं नाही तर ३, ७, १० धरले जातात. टोटल १० म्हणजे दहा शेअर बनणार, नीडेड ३ म्हणजे त्यातले कुठलेही तीन मिळाले की फाइल परत उभी राहणार. या हिशोबाने १० एमबीची फाइल ग्रिडवर साधारण ३३ एमबी जागा खाते. आणि हॅपी ७ म्हणजे हे शेअर कमीत कमी सात वेगवेगळ्या सर्व्हरवर नीट पसरले पाहिजेत, नाहीतर अपलोड फेल समज.

यातला हॅपी लोकांना सगळ्यात कमी समजतो, म्हणून जरा थांबतो. ताहो इथे नुसते सर्व्हर मोजत नाही, जोड्या लावतं. एका सर्व्हरसमोर एक शेअर, दुसऱ्यासमोर दुसराच शेअर, असं करत कोणालाही दोनदा न घेता जास्तीत जास्त किती जोड्या लागतात तो आकडा म्हणजे हॅपीनेस. त्यामुळे चार सर्व्हरवर तोच शेअर नंबर ५ ठेवला तर जोडी एकच लागते, आणि एका सर्व्हरवर दहाच्या दहा शेअर कोंबले तरी जोडी एकच. हे मोजमाप २०१० च्या १.७ आवृत्तीत आलं. त्याच्या आधी फक्त किती शेअर ठेवले गेले एवढंच बघायचे, मग दहाही शेअर एका डिस्कवर पडले तरी अपलोड यशस्वी असं यायचं आणि माणूस निर्धास्त झोपायचा. म्हणजे हॅपी १ करणं म्हणजे सॉफ्टवेअरने मुद्दाम बुजवलेला खड्डा आपण परत उकरणं.

एरर आला की पहिलं काम, तो पूर्ण वाचा. बहुतेक जण पहिली ओळ वाचतात, शेअर फक्त २ सर्व्हरवर ठेवता आले, आम्हाला किमान ७ वर ठेवायला सांगितलं होतं, आणि तिथून थेट सीएफजी उघडतात. खरी माहिती शेपटाला असते. तिथे लिहिलेलं असतं की एकूण किती शेअरपैकी किती ठेवले, किती होमलेस राहिले म्हणजे ज्यांना जागाच मिळाली नाही, किती सर्व्हरना किती वेळा विचारलं, त्यातल्या कितींनी काहीच घेतलं नाही, आणि न घेणाऱ्यांपैकी किती सर्व्हर फुल होते म्हणून आणि किती एरर आला म्हणून. या एका वाक्यात घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं. विचारलेल्या सर्व्हरची संख्याच कमी असेल तर तुमच्या नोडला बाकीचे दिसत नाहीयेत, म्हणजे नेटवर्क किंवा नोड बंद. फुलचा आकडा दिसला तर डिस्क. एररचा आकडा दिसला तर त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जा.

त्याच्या जोडीला ब्राउझरमध्ये स्वतःच्या नोडचं पान उघडा, पोर्ट ३४५६, बदलला नसेल तर. वर लिहिलेलं असतं की माहीत असलेल्या इतक्या स्टोरेज सर्व्हरपैकी इतक्यांशी कनेक्शन आहे, खाली प्रत्येक सर्व्हरची ओळ, टोपणनाव, कुठल्या पत्त्यावरून कनेक्ट झाला किंवा कुठल्या पत्त्यावर अजून प्रयत्न चालू आहे, व्हर्जन, आणि किती जागा शिल्लक. हे पान आणि एररचं शेपूट शेजारी ठेवलं की अर्धी अडचण तिथेच सुटते. (हा ३४५६ चा पोर्ट चुकूनही बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, डिक्रिप्शन इथेच होतं, म्हणून तो १२७.०.०.१ वरच राहू दे.)

आता एक गोष्ट जिच्यामुळे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. अपग्रेड झाल्यावर टेस्ट म्हणून काय करतात, एका टेक्स्ट फाइलमध्ये हॅलो लिहितात आणि ताहो पुट मारतात. लगेच कॅप येतो, म्हणजे ती फाइल परत मिळवायची किल्लीसारखी ओळ, सगळे खूश. आणि संध्याकाळी फोटोंचं फोल्डर टाकायला गेलं की एरर. कारण ५५ बाइट किंवा त्याहून लहान फाइल सर्व्हरवर जातच नाही, तिचा मजकूर कॅपच्या आतच बसवला जातो, तो कॅप नीट बघितलात तर यूआरआय नंतर सीएचके नसतं, एलआयटी असतं. ग्रिडवर एकही सर्व्हर चालू नसला तरी ही टेस्ट पास होणार. दुसरा फसवा प्रकार म्हणजे ताहो एमकेडीआर किंवा क्रिएट-एलियास, म्हणजे डिरेक्टरी बनवणं किंवा बनवून तिला टोपणनाव देणं. डिरेक्टरी ही म्युटेबल, म्हणजे नंतर बदलता येणारी असते आणि म्युटेबल फाइल ठेवताना हॅपीचा आकडा बघितलाच जात नाही, एक सर्व्हर मिळाला तरी सगळे शेअर त्यावर टाकून मोकळं होतं. म्हणून डिरेक्टरी बनतेय पण फाइल जात नाहीये असं कोणी म्हणालं की त्यात विचित्र काही नाही, दोन्हीचे नियमच वेगळे आहेत. आणि तिसरं, तीच ती फाइल परत परत टाकून टेस्ट करू नका, आधीच्या प्रयत्नात जे शेअर कुठे पोहोचले असतील ते सापडले म्हणून मोजणीत धरले जातात आणि चित्र असतं त्यापेक्षा बरं दिसतं. खरी टेस्ट म्हणजे डीडी ने यूरँडम मधून एक एमबीची नवी कोरी फाइल बनवा आणि ती टाका, दर वेळी नवीन. मग नोडच्या पानावरून रीसेंट ऑपरेशन्समध्ये जाऊन बघा कुठला शेअर कुठल्या सर्व्हरवर गेला.

आता अपग्रेडनंतरच हे का होतं त्याकडे येतो. नव्या आवृत्तीत बग आहे असा पहिला संशय सगळ्यांना येतो. मी जी प्रकरणं बघितलीत त्यात बहुतेक वेळा नोड उठलेलाच नसतो. जुन्या आवृत्तीत ताहो स्टार्ट, ताहो स्टॉप, ताहो रीस्टार्ट अशा कमांड होत्या, त्या आधी नकोशा ठरवल्या आणि नंतर काढूनच टाकल्या, आता फक्त ताहो रन आहे जी टर्मिनल धरून बसते. पण कित्येकांच्या रास्पबेरी पायवर क्रॉनमध्ये रीबूटला ताहो स्टार्ट अशी ओळ वर्षानुवर्षं पडून आहे. अपग्रेड करताना माणूस हाताने ताहो रन करून बघतो, चालतं, टर्मिनल बंद करतो, नोड गेला. किंवा नोहप लावून ठेवतो आणि चार दिवसांनी लाइट गेली, रास्पबेरी पाय परत चालू झाला पण ताहो नाही. मालकाला कळतही नाही, कारण त्याचं काही अडत नाही, अडतं ते दुसऱ्याचं अपलोड. यावर एकच नीट उपाय, सिस्टमडी ची सर्व्हिस फाइल लिहा, एक्झेकस्टार्टमध्ये व्हर्च्युअलएन्व्हमधल्या (ताहोसाठी बनवलेलं पायथनचं वेगळं फोल्डर) ताहोचा पूर्ण पाथ, पुढे रन आणि नोडच्या फोल्डरचा पाथ, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर, आणि एनेबल करायला विसरू नका, नुसतं स्टार्ट केलं तर पुढच्या रीबूटला परत तेच.

दुसरं व्हर्च्युअलएन्व्ह. लिनक्सची आवृत्ती वर चढवली की सिस्टमचा पायथन बदलतो आणि जुना एन्व्ह ज्या पायथनवर उभा होता तोच नाहीसा होतो, मग इम्पोर्ट एरर. जुना एन्व्ह दुरुस्त करत बसू नका. ताहोचा कोड आणि तुमच्या नोडचा डेटा वेगवेगळे असतात, डेटा होम फोल्डरमधल्या डॉट ताहोमध्ये, त्यामुळे एन्व्ह बिनधास्त नवा करा, त्यात पिपने ताहो-लाफ्स टाका, ताहो डॅश डॅश व्हर्जन बघा, आणि सर्व्हिस फाइलमधला पाथ नव्याकडे वळवा. पायथन २ चा सपोर्ट कधीच गेलाय, तेव्हा फार जुनी मशीन असेल तर हे करावंच लागणार. इथे एक बारीक खोच आहे, ज्यांचा नोड टॉर या निनावी नेटवर्कवरून चालतो त्यांनी पिपने टाकताना टॉर एक्स्ट्रासकट टाकायला हवं. जुन्या एन्व्हमध्ये ते असतं, नव्यात विसरतं, आणि मग ऑनियन पत्त्यावरचे सगळे सर्व्हर एकदम गायब. आय२पी वाल्यांचंही तेच.

तिसरं इन्ट्रोड्यूसर, म्हणजे ग्रिडमधल्या नोडना एकमेकांची ओळख करून देणारा नोड. पूर्वी त्याचा फर्ल, म्हणजे गुप्त पत्ता, ताहो डॉट सीएफजी मध्येच लिहायचो, आता त्याची जागा प्रायव्हेट फोल्डरमधल्या इन्ट्रोड्यूसर्स डॉट यॅमल मध्ये आहे. नवा नोड बनवताना जुन्या सवयीने सीएफजी कॉपी केला आणि प्रायव्हेट फोल्डर राहिलं की नोडला इन्ट्रोड्यूसरच माहीत नसतो, मग सर्व्हर कुठून दिसणार. एक लक्षात घ्या, इन्ट्रोड्यूसर फक्त ओळख करून देतो, डेटा त्याच्यातून जात नाही. त्यामुळे तो बंद पडला म्हणून लगेच सगळं बंद पडेल असं नाही, पण नवीन आलेला किंवा पत्ता बदललेला सर्व्हर तुम्हाला कळणार नाही.

चौथं, जे खरंच नव्या आवृत्तीचं आहे. इतकी वर्षं क्लायंट आणि सर्व्हर फूलस्कॅप नावाच्या प्रोटोकॉलवर बोलायचे, आता एचटीटीपीएसवरचा नवा प्रोटोकॉल आलाय, ग्रेट ब्लॅक स्वॉम्प म्हणतात त्याला. चांगली गोष्ट ही की तो त्याच जुन्या पोर्टवर चालतो, नवीन पोर्ट उघडावा लागत नाही, आणि जुना फूलस्कॅपही सोबत आहे, त्यामुळे थोडे नवे थोडे जुने नोड असलेला ग्रिड चालतो. पण मध्ये एखादा प्रॉक्सी किंवा फायरवॉल लावून कोणी जास्तीची हुशारी केली असेल तर नव्या प्रोटोकॉलला त्रास होऊ शकतो. शंका असेल तर सीएफजीच्या क्लायंट सेक्शनमध्ये फोर्स अंडरस्कोर फूलस्कॅप ट्रू करून नोड रीस्टार्ट करा. त्याने सर्व्हर दिसायला लागले तर दोष त्या रस्त्यात आहे, तो शोधा. नाही दिसले तर प्रोटोकॉलचा विषय सोडून द्या आणि ती ओळ काढून टाका, कायमची ठेवू नका.

नोड चालू आहे, लॉग स्वच्छ आहे, तरी बाकीच्यांना दिसत नाही, असं असेल तर पत्ता तपासा. सीएफजीच्या नोड सेक्शनमध्ये टब डॉट पोर्ट आणि टब डॉट लोकेशन असतात. पोर्ट म्हणजे नोड कुठे ऐकतोय, लोकेशन म्हणजे जगाला काय पत्ता सांगतोय. लोकेशन ऑटो असेल तर मशीनला स्वतःचे जे पत्ते दिसतात तेच तो सांगतो, घरात राउटरमागे बसलेल्या मशीनला दिसतो १९२.१६८ वाला. मग घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून सगळं झकास चालतं आणि बाहेरच्या मित्राला तो सर्व्हर कायम प्रयत्न चालू आहे असाच दिसतो. लोकेशनमध्ये बाहेरून पोचता येईल असं नाव आणि पोर्ट द्या, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, आणि बाहेरच्या कनेक्शनवरून, मोबाइल डेटावरून केलं तरी चालेल, नेटकॅटने पोर्ट उघडा आहे का बघा. घरातूनच बघून काही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे याच्या पुढचा त्रास आहे. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, कंपनी एकाच आयपीमागे अनेक ग्राहक बसवते. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल, किंवा बाहेरच्या साइटला दिसणारा आयपी आणि राउटरवरचा आयपी वेगळा असेल, तर हीच भानगड आहे आणि पोर्ट फॉरवर्ड कितीही केलं तरी उपयोग शून्य. आधी चालत होतं आणि अचानक बंद झालं तर कंपनीने मधल्या काळात तुम्हाला त्या मागे टाकलेलं असू शकतं, अपग्रेडचा दिवस आणि तो दिवस जवळजवळ आला की संशय उगाच ताहोवर जातो. यावर तीन वाटा आहेत, स्टॅटिक आयपी विकत घ्या, टॉरवरून नोड चालवा, किंवा सगळ्या मित्रांमध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन लावा आणि लोकेशनमध्ये वायरगार्डचा पत्ता द्या. आमच्या पाच नोडच्या ग्रिडमध्ये दोन पुण्यात, एक नाशिकला, एक रत्नागिरीला आणि एक जर्मनीत आहे, आणि आम्ही वायरगार्डवर आलो तेव्हापासून हा प्रकार थांबला. टॉर चालतं, सेटअपही सोपा आहे, पण मोठ्या फाइलला जीव जातो. लोकेशनमध्ये स्वल्पविराम देऊन एकापेक्षा जास्त पत्ते लिहिता येतात, घरातला आणि वायरगार्डचा दोन्ही लिहा. आणि हे फक्त स्टोरेज सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी, नुसतं अपलोड-डाउनलोड करणाऱ्याचा नोड स्वतः बाहेर कनेक्ट होतो, त्याला पोर्ट उघडायची गरज नाही.

डिस्कचं लवकर आटपतो. स्टोरेज सेक्शनमध्ये रिझर्व्ड स्पेस असते, नवा नोड बनवला की तिथे १ जी लिहून येतं. डिस्कवर एवढीच मोकळी जागा उरली की सर्व्हर नवे शेअर घेणं बंद करतो, जुने मात्र देत राहतो. म्हणून डाउनलोड होतंय पण अपलोड नाही. ३२ जीबीच्या एसडी कार्डवर ताहो चालवणाऱ्यांनी आधी सिस्टमचे लॉग किती फुगलेत ते बघावं. कोणी रीडओन्ली ट्रू करून विसरलंय का तेही.

हे सगळं तपासून झालं आणि सगळे सर्व्हर हिरवे दिसतायत तरी एरर येतोय, तर मग आकड्यांकडे या. पाच सर्व्हरच्या ग्रिडवर हॅपी ७ कधीच जमणार नाही, तिथे आकडे बदलणं हाच उपाय आहे. पण विचार करून. हॅपीतून नीडेड वजा केलं की जे उरतं तेवढे सर्व्हर गेले तरी फाइल वाचेल ही हमी तुम्हाला मिळते. पाच सर्व्हरसाठी मी नीडेड २, हॅपी ४, टोटल ५ सांगतो. जागा अडीचपट लागते, किमान दोन सर्व्हर गेले तरी फाइल सुरक्षित, पाचही चालू असताना टाकली असेल तर तीन गेले तरी. हॅपी ५ नको, कारण पाचातला एक ना एक कधीतरी बंद असतोच आणि मग रोज अपलोड अडणार, आणि रोज अडलं की माणूस वैतागून परत १ करतो. तीनच सर्व्हर असतील तर १, २, ३ करा, म्हणजे सरळ तीन कॉपी. आणि हो, तुमचा स्वतःचा नोड स्टोरेजही चालवत असेल तर तोही एक सर्व्हर म्हणून मोजला जातो. त्याच डिस्कचा बॅकअप त्याच डिस्कवर, हे हिशोबात धरा. एका पीसीवर सात नोड उभे करून सातचा आकडा गाठणारे लोकही मी बघितलेत. ताहोला नोडचा आयडी दिसतो, खाली डिस्क एकच आहे हे दिसत नाही, त्यामुळे तो मान डोलावतो, पण सात अंडी एकाच टोपलीत आहेत.

आकडे बदलले की लोकांना वाटतं काम झालं. नवीन आकडे फक्त यापुढच्या अपलोडला लागतात. जुन्या फाइलचे आकडे तिच्या कॅपमध्येच कोरलेले असतात, सीएचके वाला कोणताही कॅप घ्या, शेवटी दोन कोलनमध्ये ३ आणि १० दिसतील आणि त्यानंतर फाइलचा आकार बाइटमध्ये. ते बदलत नाहीत, रिपेअर मारलं तरी तेच राहतात. बरं, ताहो बॅकअप परत चालवला तर तो जुन्या फाइल परत टाकतच नाही, कारण प्रायव्हेट फोल्डरमध्ये बॅकअपडीबी नावाची एसक्यूलाइट फाइल असते, तिला वाटतं ही फाइल आधीच वर आहे. साधारण महिनाभर तर ती विचारतही नाही की शेअर जागेवर आहेत का, त्यानंतर अधूनमधून विचारायला लागते आणि दोन महिन्यांनी नक्की विचारते. म्हणून हॅपी १ वर असताना टाकलेल्या फाइल नव्या आकड्यांवर आणायच्या असतील तर ती बॅकअपडीबी बाजूला सरकवा, डिलीट नको, नाव बदला, नवा एलियास बनवा आणि बॅकअप पहिल्यापासून चालवा. ग्रिडमधल्या ग्रिडमध्ये ताहो सीपी करून हे होत नाही, तिथे इम्युटेबल फाइलचा नुसता कॅप दुसऱ्या डिरेक्टरीत जोडला जातो, एक बाइटही हलत नाही. नवा एलियास यासाठी की जुन्या डिरेक्टऱ्याही जुन्याच आकड्यांवर बनलेल्या असतात.

जुनं सगळं परत टाकणं शक्य नसेल तर निदान ताहो डीप-चेक चालवा, रिपेअर आणि ॲड-लीज दोन्ही लावून. ज्या फाइलचे काही शेअर हरवलेत पण नीडेड इतके अजून आहेत त्या ती परत भरून काढते. नीडेडपेक्षा कमी उरले असतील तर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर ती फाइल आणू शकत नाही, म्हणूनच वेळेत चालवा. व्हेरिफाय लावलंत तर प्रत्येक शेअर पूर्ण डाउनलोड करून तपासला जातो, मित्राचं नेट मोजकं असेल तर त्याला आधी सांगा. साधं चेक सर्व्हरच्या शब्दावर विश्वास ठेवतं.

ॲड-लीज का, तर शेअर ठेवताना सर्व्हरवर त्याची एक लीज बनते, ३१ दिवसांची. डिफॉल्टला सर्व्हर लीज संपली म्हणून काही पुसत नाही. पण ग्रिडमधल्या एखाद्याने जागा कमी पडते म्हणून स्टोरेज सेक्शनला एक्सपायर डॉट एनेबल्ड ट्रू केलं असेल, तर ज्यांनी लीज वाढवली नाही त्यांचे शेअर तो मुकाट्याने साफ करतो. त्याचा काही दोष नाही, त्याने नियमाने केलं. आपापसात आधी ठरवा, आणि महिन्याच्या आत एकदा डीप-चेक जाईल असं क्रॉनमध्ये टाकून ठेवा. डाउनलोड करताना नॉट इनफ शेअर्स असा एरर आला तर आधी हेच विचारा, कोणी एक्सपायरी चालू केली का.

शेवटचं, ज्यांना सर्व्हर नव्या मशीनवर न्यायचाय त्यांच्यासाठी, कारण अपग्रेडच्या नावाखाली हेही केलं जातं. नुसतं स्टोरेज फोल्डर उचलू नका, प्रायव्हेट फोल्डरही तसंच्या तसं न्या, त्यातल्या नोड डॉट पेम वर सर्व्हरची ओळख ठरते. ते राहिलं तर सर्व्हर नव्या आयडीने उठतो. इम्युटेबल फाइल तरीही वाचता येतात, पण डिरेक्टरीत काही बदल करायला गेलं की राइट एनेबलर, म्हणजे बदल करू देणारी गुप्त खूण, जुळत नाही असा एरर येतो आणि त्यात जुन्या नोडचा आयडी लिहिलेला असतो, कारण तो राइट एनेबलर त्या सर्व्हरच्या आयडीवरूनच बनवलेला असतो. जुना पेम परत आणून ठेवला की लगेच सुरळीत. एका वेळी एकच सर्व्हर अपग्रेड करा, तो परत हिरवा दिसला की पुढचा.

एवढं करूनही अडलं तर ग्रुपवर टाका, पण टाकताना एररचं पूर्ण शेपूट, ताहोचं आणि पायथनचं व्हर्जन, तिन्ही आकडे, आणि नोडच्या पानावरची सर्व्हरची यादी द्या. यादीतून पत्ते खोडा. लॉग पेस्ट करायच्या आधी त्यात कॅप किंवा फर्ल आलाय का ते डोळ्यात तेल घालून बघा. ज्याच्याकडे तुमच्या डिरेक्टरीचा राइट कॅप गेला त्याला ती वाचताही येते आणि बदलताही येते, इथे पासवर्ड बदलून सुटका करून घ्यायची सोय नाही. इन्ट्रोड्यूसरचा फर्ल गेला तर अनोळखी माणूस तुमच्या ग्रिडमध्ये सर्व्हर जोडू शकतो. आणि प्रायव्हेट फोल्डरमधली एलियासेस नावाची फाइल ग्रिडच्या बाहेर कुठेतरी, कागदावर छापून ठेवली तरी चालेल, पण ठेवा, ती गेली तर सगळे सर्व्हर धडधाकट असूनही तुमच्या हातात काही उरत नाही.